ठाण्यात जमा झालेली बंदूक

आबा,

आज सिल्वासाच्या कोर्टासमोरून रिक्षा गेली आणि तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राग अगदी ताजा.

तुम्ही खडोलीच्या कंपनीत गनमॅन, बंदूक तुमची स्वतःची, परवान्याची. एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, "मी बी दोऱ्याच्या कंपनीत कामाला जाईन म्हणते," आणि तुम्ही खुंटीवरची बंदूक काढून तिच्यावर धरलीत. शेजारच्या शाळेतल्या बाई तिला घेऊन आधी पोलीस ठाण्यात गेल्या, मग कोर्टात. पुढचा हुकूम होईपर्यंत बंदूक ठाण्यात जमा. कंपनीने तुमच्या हातात काठी दिली, गेटवरचे लोक 'डंडावाला' म्हणून चिडवू लागले. त्या दसऱ्याला पूजेला घरात शस्त्रच नव्हतं. तुम्ही रिकाम्या खुंटीलाच झेंडूची माळ घातलीत आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "पोरी, तुझी शपथ. ती बंदूक आता या घरात येणार नाही." त्या दिवशी मी पोटभर जेवले. आईसुद्धा हसली.

मग एक दिवस तुम्ही मला नवा फ्रॉक घालून दादऱ्याच्या बगीच्यात न्यायला निघता. वाटेत कोर्ट लागतं. "पाच मिनटाचं काम आहे, बेटा. साहेब विचारतील, आबाची भीती वाटते का? नाही म्हणायचं, बस." आत आई दोन्ही मामांच्या मध्ये मान खाली घालून उभी आहे. 'गैरसमज झाला होता,' असं तिने आधीच सांगून टाकलंय. साहेब मला जवळ बोलावतात. मला भीती बंदुकीची वाटते, आणि ती तर येणारच नाही. मी म्हणते, "नाही."

आठवड्याभरात बंदूक खुंटीवर होती. बगीचा राहिलाच. शपथ माझी घेतलीत आणि ती मोडायला मलाच पुढे केलंत. केसाने गळा कापलात, आबा.

त्यानंतर तुम्ही ती कुणावर धरली नाहीत, हे मामा अजून कौतुकाने सांगतात. धरायची गरजच काय होती? आईने कामाचं नाव मरेपर्यंत काढलं नाही.

माझी लेक विचारते, आजोबा कसे होते? मी म्हणते, माझे फार लाड करायचे. ते खोटं नाही. पुढचं सांगायची हिंमत होत नाही, म्हणून ती शाळेतून यायच्या आत हा कागद फाडून टाकते.