ठमीचे घर, नामाचा कामठा

मी आवडाबाई, कोंडाजी वारगे यांची विधवा, वय साठीच्या पुढे, धंदा शेती व दोरी वळणे, राहणार वावेवाडी, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, आज आपल्या घरच्या ओटीवर बसून, पूर्ण शुद्धीत, हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. छातीत कफ आहे, पण कफाने माणूस वेडे होत नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. लिहिणारे भागोजी मास्तर गावच्या शाळेवर आहेत. त्यांना मी आधीच बजावले आहे की कायद्याची भाषा तुमची असू द्या, पण माझे बोलणे गाळू नका.

कलम पहिले. राहते घर, मागचे परसू, त्यातला फणस आणि ओढ्याकाठचे कळकाचे बेट हे सर्व माझ्या यजमानांनी हयातीत माझ्या नावे करून दिलेले आहे. माझ्या मागे ते सर्व माझी सून ठमी, माझा मुलगा सदा याची विधवा, हिच्या मालकीचे व्हावे. तिचे माहेर उरणकडे, मिठागरावर राबणाऱ्यांचे. सदा गेल्यावर तिचा बाप तिला न्यायला आला होता. ती म्हणाली, "आत्याला एकटी टाकून कशी येऊ?" आणि त्याला जेवू घालून परत पाठवला. माझ्या दिराचा मुलगा नामा म्हणतो की घर भावकीत राहावे आणि सुनेला माहेरी धाडावी. त्याचे म्हणणे मी ऐकून घेतले आहे. घर ठमीचे.

उद्या नामा कचेरीत जाईल आणि साहेब विचारील की म्हातारीचा पुतण्यावर राग कशाचा. म्हणून पुढचे लिहिणे भाग आहे.

कलम दुसरे. आमच्याकडे बंदुकीचा परवाना खोतासारख्याला. भातात रानडुकरे शिरली की कुणब्याच्या हाती कामठा, म्हणजे कळकाचे धनुष्य. यजमान कळकाचे कामठे करीत आणि मी तागाच्या दोऱ्या वळी. सदा आमचा एकुलता. तो मुंबईस गोदीवर कामाला होता. लग्न झाले आणि लगेच गेला, तो दसऱ्याला घरी आला. त्या दिवशी खोतांकडे मुंबईचे पाहुणे होते, त्यांना कामठा बघायचा होता. यजमान तापाने पडलेले, म्हणून सदा नवा कामठा घेऊन गेला. कामठ्याची दोरी कामापुरतीच चढवतात, एरवी उतरवून ठेवतात, नाहीतर त्याचा जोर जातो. तेव्हा ती तिथे चढवायची होती.

खोतांचे अंगण नुकतेच सारवलेले, ओले होते. सदा म्हणाला, "जरा वाटेवर कोरड्यात जातो. हितं पाय धरत न्हाय."

नामा सगळ्यांदेखत म्हणाला, "मुंबईचा पगार खाऊन हात मऊ झालं व्हय रे? तुझा बा तर डोळं झाकून चढवतो."

पाहुणे हसले. सदाने तिथेच कामठ्याचे खालचे टोक पावलाशी टेकले आणि वरून रेटा दिला. टोक सारवणावरून सरकले. वाकवलेला कामठा हातातून उसळला आणि त्याचे वरचे टोक माझ्या मुलाच्या उजव्या डोळ्यात गेले.

नामानेच त्याला पाठीवर घालून घरी आणले. हेही लिहा मास्तर, खोटे नको. पळत आणले, रडत आणले.

उजवा डोळा गेला. पुढे डावाही मंद होत होत विझला. डॉक्टर म्हणाले, असे कधी कधी होते, एका डोळ्यामागे दुसरा जातो.

मग नामा गावात सांगू लागला की काकीने वळलेली दोरी तुटली. यजमानांनीही ते खरे मानले. वर्षभर त्यांनी माझ्या हातची दोरी कामठ्याला लावली नाही, बाजारची आणून लावली. आम्ही एका ताटलीतले मीठ खात होतो आणि मला ते तोंड वर करून बघत नव्हते. सदाला हे कळले ते फार उशिरा. आंधळ्याला कोण सांगणार? ज्या दिवशी कळले त्या दिवशी तो ओटीवरून ओरडला, "बा, आयची दोरी शाबूत व्हती! पाय माझा सरकला, पाय!" यजमान उठून परसात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. आल्यावर माझ्याजवळ माझ्या हातची दोरी मागितली. एवढेच. दोरी तुटली नव्हती, हे मी देवाला स्मरून सांगते.

कलम तिसरे. यजमानांची हत्यारे, म्हणजे कोयता, रंधा, तासण्या आणि घरातले तयार कामठे, हीही ठमीला द्यावीत. बाईमाणसाला हत्यारे कशाला, असे जो विचारील त्याने डुकरे आली की कामठ्यासाठी तिच्याच दारी यावे लागते हे आठवावे. तिला सदाने शिकवले. डोळे गेल्यावर तो ओटीवर नुसता बसून राही. मग हळूहळू बापाचे कामठे हातात घेऊ लागला, आणि चाचपून दोरी चढवू लागला. ठमी जवळ बसे. तिला तो सांगे, "ठमे, आधी पायाखालची जमीन बघ. वली असंल, गुळगुळीत असंल, तर तिथं उभी ऱ्हाऊ न्हको. मंग राजा बोलला तरी." खालची गाठ खाचेत नीट बसली का ते आधी पाहायचे. मग एक पाय दोरी आणि कामठ्याच्या मधून पलीकडे टाकायचा, खालचे टोक दुसऱ्या पायाच्या घोट्यावर अडकवायचे, आणि कामठा मांडीमागे घेऊन कमरेच्या जोराने हळू वाकवायचा. हिसका द्यायचा नाही. वरचा फास खाचेत बसला असे वाटले तरी बोटाने चाचपायचा, मगच भार सोडायचा. आणि तोंड त्या टोकासमोर कधीही आणायचे नाही.

हे शेवटचे सांगताना तो तळहाताने तिचे तोंड बाजूला करी, आणि हात तसाच तिच्या गालावर ठेवी. तिचा चेहरा त्याने डोळ्यांनी असा पाहिला होताच किती? मी आत निघून जाई.

आधी यजमान गेले. गेल्या श्रावणात सदाला हिवताप झाला. ओढ्याला पूर, अलिबागला नेता आले नाही. शेवटच्या दिवशी त्याने विचारले, "ठमे, भायेर कसं हाय?" ती म्हणाली, "चांगलं ऊन पडलंय." कौलांवर पाऊस कोसळत होता. तो हसला. त्यानंतर बोलला नाही.

कलम चौथे. ज्या कामठ्याने सदाचा डोळा गेला तो यजमान जाळणार होते. सदाने जाळू दिला नाही. तो कामठा नामाला द्यावा. मात्र दोरी कशी चढवावी हे त्याने आधी ठमीकडून शिकावे. तिच्यासमोर अंगणात उभे राहावे, ती म्हणेल तिथे पाय ठेवावा, ती म्हणेल तेव्हा तोंड फिरवावे. तिला बरोबर वाटले तरच कामठा त्याचा. पुष्कळ दिवस मला वाटत होते की त्याचाही डोळा जावा. आता वाटत नाही. त्याला दोन लहान मुली आहेत.

मास्तर इथे थांबले आणि म्हणाले, "आवडाबाई, हे कलम कोर्टात टिकायचं नाही." मी म्हटले, "कोर्टासाठी न्हाय. नामाला वाचता येतंय."

कलम पाचवे. माझे दिवस भावकीने घालावेत. जेवणावळ नको. काळी लुगडी ठमीला, चांदीची बांगडी तिच्या आईला.

कलम सहावे. हे लिहिताना ठमीला मी विहिरीवर पाठवले आहे. ती तरुण आहे. आमच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरे लग्न होते. तिने चांगला माणूस बघून पाट लावावा, आणि लावला म्हणून घरावरचा तिचा हक्क कोणी काढून घेऊ नये. नवरा या घरात राहायला आला तरी चालेल. त्याने सदाच्या जागेवर बसावे, ओटीवर ऊन तिथेच चांगले येते. तिला मुलगा झाला तर लोक म्हणतील, सदा परत आला, त्याचे नाव ठेवा. तसे करू नये. त्या पोराला त्याचे स्वतःचे नाव असू द्यावे. सदा माझा होता. तो परत आलेला नाही.

वरील मजकूर मास्तरांनी मला वाचून दाखवला. सहावे कलम मी पुन्हा वाचायला लावले. ते बरोबर आहे. साक्षीदारांसमोर अंगठा उठवला आहे.

आवडाबाई कोंडाजी वारगे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार: अंबाजी दादू म्हात्रे, सही. चांगदेव रघू पाटील, सही.

लिहिणार: भागोजी गोविंद ठोसर, शाळामास्तर, सही.

मुक्काम वावेवाडी, कार्तिक मास, शके १८५७, तारीख ४ नोव्हेंबर १९३५.