बाबांच्या दाराचा सूर

६ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चौकशा इतक्या, की पोलिसांनीही लाजावं.

बाबांची कामाची खोली अखेर आवरली. रंधे पुसले, पटाशा ओळीने लावल्या आणि जन्मभर किंचाळणाऱ्या त्या दारालाही तेल पाजलं. सुताराच्या घरचंच दार कुरकुरतं, ही नामुष्की एकदाची संपली. बाबा संथ गाणं गुणगुणत असले की टेबल आठवडाभर पुरं व्हायचं नाही, जलद लागलं की संध्याकाळी खुर्ची तयार, आठवतं ना? गिऱ्हाइकं आधी गाण्याची चौकशी करायची, मग खुर्चीची.

काळजी आईची आहे. खोली आवरल्यापासून ती गप्प. उशिरा उठते, चहा समोर निवतो. डॉक्टर म्हणतात, तब्येत ठणठणीत आहे. महिनाअखेरीस खोलीला कुलूप घालून तिला माझ्याकडे न्यायचं म्हणतोय. ती नको म्हणते. का, ते सांगत नाही.

पत्र पाठव, उपदेश थोडा कमी.
दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

न वाजणारी दारं विकून बंगला बांधलास, आणि घरच्या दाराचं तुला कळलं नाही! कारखान्यातली कुठली करवत बोथट झाली ते म्हणे तू ऑफिसात बसून ओळखतोस.

बाबा पहाटे ते दार उघडायचे, बिजागरी वाजली की तिथेच थांबून तिचा 'सा' घ्यायचे, आणि मग रंध्यावर दिवसभर गायचे. म्हणून तर पेटीशी त्यांचं कधी जमलं नाही. उलट पेटीवाल्यालाच सांगून आले होते, की तुमची पेटी उतरली आहे. आई अंथरुणातून ऐकायची आणि उठून चहा टाकायची. ते गेल्यावर मी राहिले होते, तेव्हा ती स्वतः पहाटे दार उघडताना दिसली. विचारलं, तर म्हणाली, लाकडाला हवा लागू दे.

तो त्यांचा तानपुरा होता, दादा. आधी तो बोलता कर. कुलपाचं नंतर बघू.

रागावले तरी तुझीच,
धाकटी

२ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आशीर्वाद.

बिजागऱ्या काढल्या, रॉकेलने धुतल्या, मिठाच्या पाण्याच्या फडक्यात गुंडाळून गच्चीवर ठेवल्या. रोज नेमाने गंज पाहायला चढत होतो. आमच्या मिस्त्रीने हळूच विचारलं, की साहेब, घरी सगळं बरं आहे ना.

काल त्या बसवल्या. आज पहाटे कान टवकारून पडून राहिलो. दार वाजलं, पण सूर भलताच चढा! काम बिघडलं म्हणून मी कपाळाला हात लावला.

इतक्यात आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, अगदी खळखळून. धावत गेलो, तर दार धरून उभी. म्हणाली, की हा सूर यांना बापजन्मात लागला नसता. आणि खापर दारावर फोडलं असतं. मग तिने दार पुन्हा वाजवलं, डोळे मिटले आणि स्वतः 'सा' लावला.

धाकटे, बरोब्बर लागला गं. मी तोंडात बोट घालून उभा. इतकी वर्षं कुठे होता हा गळा, म्हणून विचारलं, तर म्हणाली, की घरात एक गाणारा पुरे होता.

कुलूप दुकानदाराला परत केलं. लोभ आहेच, तो घेऊन लवकर ये. दाराला मात्र हात लावू नकोस.
दादा