गंगूची हाक

मैलूर, बीदर. ३ मार्च १९४९
बहीण तुळसा आणि तिची गंगू खजुरीहून माझ्याकडे येऊन महिना झाला. गेल्या साली पोलीस अ‍ॅक्शनच्या गडबडीत गंगूच्या डोळ्यांदेखत तिच्या बापाला, तिच्या 'बा'ला, नेलं, तो परत आला नाही. तेव्हापासून पोर मुकी. लॉरीचा आवाज आला की बाजेखाली शिरते. आज पुन्हा विचारलं, कोण होते, काय पाहिलंस. तुळसा म्हणाली, "अण्णा, तू बातमीदारावानी इचारायलास." आहेच मी बातमीदार.

८ मार्च
गंगू दिवसभर शेजारच्या शरणप्पाच्या गोठ्यात. श. काही विचारत नाही. लॉरी आली की तिचा हात वासराच्या पाठीवर ठेवतो. वासराचा श्वास चालतो तसा हळूहळू हिचाही चालू लागतो. युक्ती साधी. मला सुचली नाही, याचा राग.

११ मार्च
तिच्यासाठी लाल रिबीन आणली. दुपारी पाहतो तर वासराच्या गळ्यात. श. हसत होता. दात किडकेत त्याचे.

१५ मार्च
गंगू बोलली! गोठ्यातून स्पष्ट ऐकलं, "बा." समोर श. उभा. भाची माझी, राहते माझ्या घरी, आणि बा तो? हाताला धरून ओढत आणली. गोठा बंद.

१७ मार्च
लॉरी गेली. गंगू बाजेखाली, मनगट चावून रक्त काढलं. तुळसा माझ्याशी बोलेना. संध्याकाळी श.कडे गेलो, मान खाली घालून. तो म्हणाला, "मला कामून बा म्हनंल, अण्णा? वासराला बोलवायलती. मी बोलवतो तसं."
कन्नडात बा म्हणजे ये. वीस वर्षं दोन्ही भाषांतून बातम्या करतोय मी.

१८ मार्च
सकाळी मीच तिला गोठ्यात सोडून आलो. जळणं गेलं नाही. आता वासरावर.

२४ मार्च
चारच्या बसने मजकूर हैदराबादला जायचा होता. ओट्यावर लिहीत बसलो होतो. श. बाजारात. गंगू गोठ्याच्या दारात आली; वासरू मागे, खुंट्याला. माझ्याकडे बघत म्हणाली, "बा."
वाक्य अर्धं टाकून उठलो. बस चुकली.
कुठल्या भाषेतलं, ते विचारलं नाही.