उताराआधीचा मलिदा

पाच चमचे एकाच वेळी परातीत होते, आई, आणि एकजण वरून दही ओतत होता. मी हातातलं सफरचंद खाली ठेवलं आणि धावले. "हे ओट्स कोणी केलेत? जबरदस्त!" तो म्हणाला. उंच, दातांचा निवृत्त डॉक्टर, हेल्मेट अजून डोक्यावर. मी म्हटलं, ते ओट्स नाहीत. पोहे आहेत. मलिदा आहे. त्याने चमचा तोंडापासून थोडा लांब धरला. "आधी ब्रोखे म्हणायचं होतं का?" म्हटलं, हो, आधी. त्याने तोंडातला घास गिळला आणि डोळे मिटून खाण्याआधीचा आशीर्वाद म्हटला, उशिरा पण पूर्ण. मग पुन्हा खायला लागला.

ही न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेकडची शेती आहे. इथल्या भाज्या आजूबाजूच्या सिनेगॉगांमध्ये पेट्यांतून जातात, आणि मुलं इथे येऊन बटाटे उकरतात. या कामासाठी पैसे उभे करायला दर सप्टेंबरात ज्यू लोक दोन दिवस सायकल चालवतात, गुरुवारी आणि शुक्रवारी. गुरुवारचा मुक्काम इथे, शुक्रवारी शब्बाथचे दिवे लागण्याआधी घरी पोचायचं असतं. तुझी नात यात चार वर्षं आहे. मी किचनमध्ये मदत करते. नियम असा, की जे जवळ पिकतं तेच शिजवायचं. नारळाचं नाव काढलं तेव्हा किचन सांभाळणारी बाई हसली. "नारळ? हडसनच्या काठी?" मग मी सांगितलं, कोकणात ज्यू आहेत, घरी मराठी बोलतात, नवस फेडायचा तर एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करतात आणि नारळाशिवाय तो होत नाही. तिने भाजीची यादी पुढे ओढली. म्हणाली, एक नारळ. केळ्यांचं मी बघितलं नाही असं समज.

नवस मागच्या वर्षीचा. इथून फाटकाबाहेर पडलं की लांब उतार आहे. दुसऱ्या दिवशीची सुरुवातच तिथून होते. त्या उतारावर तुझी नात पडली. कमरेचं हाड मोडलं. डॉक्टर चालण्याबद्दल बोलत होते आणि ती पलंगावरून सायकलचं काय झालं ते विचारत होती. म्हणून मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तिच्याच शब्दांत नवस केला: ही पुन्हा त्या उतारावरून सायकलने उतरली, तर मलिदा. तू असतीस तर शब्द असेच नेमके ठेवले असतेस.

रेवदंड्याचं स्वयंपाकघर आठवतं. दादाचा टायफॉइड उतरलाय, तो अंथरुणात बसून पेज पितोय, मी तुझ्या मागे लागलेय. मला मलिद्यातले बेदाणे हवेत. "दादा बरा झाला ना, मग कर की आता." तू चुलीकडून वळत नाहीस. "चालत शाळेत जाऊ दे. मी शब्द तो दिलाय." सतरा दिवस तू थांबलीस. अठराव्या दिवशी दादा दप्तर घेऊन गेला, तू दारातून तो वळणावर दिसेनासा होईतो बघितलंस, आणि मग नारळ फोडलास. मला तेव्हा तू कठोर वाटली होतीस. बेदाणे मात्र खाल्ले.

काल दुपारी तुझी नात शेवटच्या गटात आली. परात जवळजवळ रिकामी होती, कडेला दह्याचे ओघळ. मी तिच्यासमोर रागावले, इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं. ती म्हणाली, "आई, इट्स फाइन. साठ मैल चालवून आलेत लोक, खाऊ दे ना यार." मग तिचं लक्ष सोललेल्या केळ्यांकडे गेलं, गुलाबाच्या पाकळ्यांकडे गेलं. "वेट. हा माझा होता? नवसाचा?" मी मान हलवली. "पण मी अजून उतरले नाहीये. उतार उद्या आहे. मग तू आज का केलास?"

मी म्हटलं, उद्या गडबड असते. पॅकिंग असतं. तिने माझ्याकडे तुझ्यासारखंच बघितलं, आणि परातीच्या तळाचं एक बोट चाटून आंघोळीला गेली.

तुला खरं सांगते. गडबड नव्हती. मला वाटलं, आधीच देऊन टाकलं तर देवाला नाही म्हणता येणार नाही. तू थांबत होतीस तेव्हा तुझा विश्वास होता की नुसता निग्रह, ते मी तुला कधी विचारलं नाही. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. मग भुकेल्या माणसांनी तो खाऊन टाकला, दही घालून, आणि रात्री झोपताना मला पहिल्यांदा बरं वाटलं.

हे मी भाजीच्या यादीच्या पाठीवर लिहितेय. यादी परत फ्रिजवर लावायची आहे.

आज सकाळी सव्वासातला ती फाटकातून निघाली. मी खाली वळणावर उभी होते. दोन्ही ब्रेक दाबून, हळू, मागच्यांना पुढे जाऊ देत ती उतरली. हात हलवला नाही, हँडल सोडायचं नव्हतं. वळणापलीकडे ती दिसेनाशी झाल्यावर मी वर आले आणि उरलेले पोहे पुन्हा मलिद्यासाठी भिजत घातले. नारळ नाही, तो एकच होता.