रुमालाखालचा ठराव

नागपूर, १७ नोव्हेंबर १९८७

श्रीयुत जावईबापू,

त्या ठरावाची खरी किंमत म्हणजे तुमचा पहिला दिवाळसण. पाट मांडून ठेवला, पण तुम्ही दोघंही आला नाहीत. प्रेमिलाचं तर पत्रही नाही.

विमानात बॉम्ब ठेवल्याचा आरोप असलेला तो परदेशी इथे पकडला गेला आणि त्याच्या देशानं त्याला मागितलं. तुम्ही त्याचे वकील झालात, म्हणालात, पुरावा आधी इथे तपासा. शहर भडकलं. मीही संत्र्याच्या बाजारात सभा घेऊन ठराव मांडला : देऊन टाका त्याला. सगळे हात वर. हमालीतून वर आलेला माणूस मी, पेपरवाल्याला ठणकावून सांगितलं, बाजार माझ्या शब्दाबाहेर नाही.

काल खाप्याचा धोंडबा दलाल हसून राहिला होता. म्हटलं, "काहून हसतं गा?"

"शेठ, चारचौघांत हात तं सारेच वर करते. आपल्या रीतीनं इचारून पाहा ना."

आमची रीत तुम्हाला ठाऊक आहे. भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो, शेजाऱ्यालाही कळत नाही. मी ठरवलं, त्या परदेशी माणसाला देऊन टाकायचं तर एक बोट, पुरावा आधी तपासायचा तर दोन. मी खुशीत रुमाल काढला आणि एकेकाचा हात धरत गाळ्यागाळ्यांतून फिरलो.

हे पत्र पेटीत टाकायचा मला धीर झालाच, तर प्रेमिलाला वाचून दाखवा. एकवीस जणांपैकी सोळा जणांनी दोन बोटं दाबली.

आपला,
महादेवराव