मोकळी राहिलेली फट

आई, तुला बाबांच्या मोटरबोटीबद्दल काही सांगायचं आहे, आणि तू समोर असतीस तर एवढ्यावरच उठून गेली असतीस. "त्या लाकडाचा विषय माझ्यासमोर नको," हे तू इतक्या वेळा ऐकवलंस की पुढे आम्ही तिला बोट म्हणायचंच सोडून दिलं, नुसतं 'ते' म्हणायला लागलो. पण आता तुला जाऊन बरीच वर्षं झाली, तुझ्यामागून बाबाही गेले, आणि मला जे कळलंय ते सांगण्यासारखं घरात दुसरं कोणी उरलेलं नाही. तेव्हा बस जरा. हातात काम असलं तरी चालेल, रिकाम्या हातानं तू कधी काही ऐकून घेतलंच नाहीस.

मिल बंद झाली तेव्हा ती बंद झाली असं कोणी म्हणतच नव्हतं. दिवाळीनंतर उघडेल, निवडणुकीनंतर उघडेल, कोणी परदेशी पार्टी घेणार आहे, असं रोज नवं काहीतरी चालायचं. बाबा इंजिन खात्यात फिटर. पहिले काही महिने ते सकाळी तयार होऊन गेटपर्यंत जायचे आणि परत यायचे. मग तेही थांबलं. गल्लीत केबल आली, कोपऱ्यावर पेजरच्या जाहिराती लागल्या, मी एसटीडीच्या काचेच्या खोलीत बसून लोकांना नंबर लावून द्यायला लागले, आणि आमच्या घरात बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहायला लागले. बोलायचे नाहीत. जेव म्हटलं की जेवायचे. तू एक दिवस पोळी वाढता वाढता थबकलीस आणि त्यांच्या हातांकडे बघत राहिलीस. नखांतलं काळं पार गेलं होतं. लग्न झाल्यापासून ज्या काळ्यावरून तू भांडत आलीस ते गेलं, तर तुझा चेहरा उतरला. त्याच आठवड्यात तू लाख वातींचा संकल्प सोडलास, मिल उघडू दे म्हणून. पितळी डबा जवळ घेऊन दुपारभर पिंढरीवर कापूस वळत बसायचीस.

आणि मग मागच्या गल्लीतले ते काका. बाबांच्याच खात्यातले. बिलावलीच्या तलावात सापडले. त्यांना चांगलं पोहता यायचं, ही गोष्ट लोक हळू आवाजात एकमेकांना सांगत होते. तू ती ऐकलीस, आणि त्या दिवसापासून तुझी भीती कुठे बसली आहे हे मला माहीत होतं. बाबांना तर पोहताही येत नव्हतं.

त्यात ती बोट आली. सिरपूरकडे एक जुना बंगला पाडून तिथे कॉलनी होणार होती, आणि आवारात पालथी पडलेली ती मोटरबोट तोडून इंजिन भंगारात काढायचं काम बाबांना कोणीतरी दिलं होतं. बाबांनी ती तोडलीच नाही. मजुरीऐवजी तीच मागून घेतली आणि हातगाड्यावर घालून, चार जणांना धरायला लावून, भर दुपारी गल्लीत आणली. अख्खी गल्ली बाहेर. पानवाल्यानं तिथूनच हाक मारली, "क्यों भिया, खान नदी में चलाओगे क्या? कृष्णपुरा के पुल के नीचे से सवारी बिठाओगे?" सगळे हसले, बाबाही हसले. किती दिवसांनी हसले होते! तू दारात उभी होतीस.

"हे काय आणलंय? इंदूरला समुद्र आला का?"

"अगं इंजिन तर बघ. ब्लॉक एकदम सही आहे, फक्त जाम झालंय. खलघाटला नर्मदेवर नेऊ. अमावास्येला, पुनवेला केवढी गर्दी असते तिथं."

"पाण्यात न्यायचंय?"

"बोट आहे, मग काय छतावर ठेवू?"

तू आत गेलीस. त्या दिवशी भाजी करपली आणि ती तशीच वाढलीस.

पुढचे महिने मी अजून डोळे मिटले की जसेच्या तसे बघते. बोट दोन पिंपांवर पालथी टाकलेली आहे, बाबा काचेच्या तुकड्यानं जुना रंग खरवडतायत, रंगाची सालं उडून आपल्या तुळशीत पडतायत. इंजिन ओसरीत उघडलेलं. गंजानं धरलेल्या पिस्टनवर ते रोज रॉकेल सोडायचे आणि रोज एकदा हलवून बघायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसे. ज्या सकाळी तो पिस्टन सरकला त्या सकाळी त्यांनी मला झोपेतून उठवून दाखवला. कुजलेल्या फळ्यांच्या जागी जुन्या बाजारातल्या दारांच्या सागवानी फळ्या बसवल्या. बोटीचं काम त्यांना येत नव्हतं, मशिनीचं येत होतं, म्हणून जे करायचे ते मशीन असल्यासारखं करायचे. फळी-फळीतली प्रत्येक फट बोथट छिन्नीनं साफ करून तिच्यात कापूस ठोकायचा, वरून राळ आणि जवसाच्या तेलाचं पुटीन भरायचं. कापसाला काय तोटा, जन्म मिलमध्ये गेलेला. पुसापुशीचा कापूस त्यांच्याकडे पोतं भरून होता. ते आता बोलत होते, गुणगुणत होते, नखं परत काळी झाली होती. मला वाटलं, आपले बाबा परत आले. तू मात्र त्यांच्याशी जवळजवळ बोलणं टाकलं होतंस.

एकदा न राहवून मी तुला म्हटलं, "बाबा आता कुठे ठीक होतायत, तर तुला बघवत का नाही?" तू कणकेचा हात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलंस. "तुला काय कळतंय? ते मागच्या गल्लीतले पण हसत होते आदल्या दिवशी. माझ्याकडून मेथी मागून नेली त्यांच्या बायकोनं, म्हणे आज यांनी आपणहून पराठे मागितले." मग परात ओढून घेतलीस आणि म्हणालीस, "परत मला असं विचारायचं नाही." मी परत कधी विचारलं नाही.

बोट न्यायच्या आदल्या दिवसाची दुपार. बाबा डिझेलचा डबा आणायला गेले होते. मिलमधून सुटून ट्रक चालवायला लागलेले एक जण रिकामा ट्रक घेऊन मुंबईच्या बाजूला जाणार होते, त्यांच्या गाडीत ती सकाळी चढवायची होती. इतके महिने तू बोटीला हात लावला नव्हतास. त्या दुपारी तू पदर खोचून आलीस आणि तिच्या पोटाखालून, एकेका फटीवरून हाताची बोटं फिरवत चाललीस, तांदूळ निवडताना फिरवतात तसं. मी हसणार होते. मधल्या कण्याजवळ तुझा हात थांबला. तू केरसुणीची एक काडी तोडलीस आणि त्या फटीत घातलीस. काडी आरपार गेली.

वीतभर फट मोकळी होती. बाकी सगळ्या बोटीत एक सुई जाणार नाही, असं काम. आणि सगळ्यात खाली, जिथं पाणी आधी येणार, तिथं ना कापूस, ना पुटीन. विसरले असतील असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण बाबा काही विसरणाऱ्यातले नव्हते हे आपल्या दोघींना माहीत होतं. तू जमिनीवर बसलीस. मग आत जाऊन तो पितळी डबा आणलास. देवाच्या वाती. मूठभर घेऊन पिंढरीवर एकात एक वळायला लागलीस, एक लांब जाड वात होईपर्यंत. मी म्हटलं, "आई, संकल्पाच्या आहेत त्या." तू म्हणालीस, "देवाला मी नंतर सांगीन. तू कोपऱ्यावर बघ, हे येतायत का." छिन्नी कशी धरायची ते तू महिनोन्महिने न बघितल्यासारखं करून बघत होतीस, हे मला त्या दिवशी कळलं. वात ठोकून बसवलीस, ओल्या फडक्याखालचं पुटीन काढून अंगठ्यानं भरलंस, हात धुतलेस आणि चहा टाकलास. बाबा आले, चहा प्यायले, बोटीकडे गेले. आपण दोघी आतून कान देऊन होतो. बाहेरून फक्त डिझेलचा डबा ठेवल्याचा आवाज आला.

सकाळी तू साडी बदलून तयार. "मी पण येणार." बाबांनी कुठं नाही म्हटलं. मानपूरला ट्रक चहासाठी थांबला तेव्हा तू उतरली नाहीस, जाळीतून मागे बोटीकडे बघत बसलीस. खलघाटला बोट पाण्यात सोडली, बाबा आत चढले, आणि घाटाची दुसरी पायरी जन्मात न ओलांडलेली तू त्यांच्या मागून चढलीस.

"अगं, पहिलीच फेरी आहे. मधेच बिघडलं काही तर?"

"म्हणूनच."

मी काठावर. नर्मदा तिथं केवढी रुंद आहे, मला तोवर कळलं नव्हतं. इंजिन फटफटत गेलं, बोट लहान होत गेली, आणि मध्यावर आवाज बंद पडला. मी देवाचं नाव घ्यायचं विसरले. आई, मला तेव्हा तुझ्या पाठीचा फक्त जांभळा ठिपका दिसत होता, आणि तो ठिपका बाबांच्या ठिपक्याला अगदी लागून होता. मग परत फटफट सुरू झाली. परत आलात तेव्हा बाबा तेलानं माखलेले, तोंडभर हसत, आणि तू दुधाच्या डब्यानं पाणी उपसत होतीस. कोरड्या लाकडातून सगळीकडून थोडं थोडं पाझरलं होतं. तू भरलेली जागा मात्र कोरडी ठणठणीत होती, हे तू मला घरी येऊन सांगितलंस, आणि त्यानंतर त्या दुपारबद्दल कधीच काही बोलली नाहीस.

बोट दोन-तीन वर्षं चालली, मग बाबांनी ती तिथल्याच एका नावाड्याला देऊन टाकली. तोवर इंदूरभर कॉलन्या झाल्या होत्या, घरोघरी बोअरिंग, आणि बाबांचं पंपदुरुस्तीचं दुकान बरं चाललं होतं. मिल उघडली नाही. पण तू त्यांना कधी एकटं सोडलं नाहीस. खलघाटच्या प्रत्येक अमावास्येला तू बोटीत. छतावरची टाकी धुवायला ते चढले की तू जिन्यात. न्हाणीघरात वेळ लागला की दाराशी उगाच भांडी आपटायचीस. शेवटच्या दुखण्यातसुद्धा मला जवळ बोलावून तू तेवढंच म्हणालीस, "यांना एकटं ठेवू नको." बाबांना वाटलं, बायकोची माया. मायाच होती, पण तिच्या आत काय होतं ते मला एकटीला ठाऊक होतं. मला तुझी फार दया यायची, आणि खरं सांगते, त्यांचा रागही यायचा.

तू गेल्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो. मी विचारलं. सरळच विचारलं, "बाबा, बोटीची ती फट तुम्ही मोकळी का सोडली होती?"

"ती? ती तिच्यासाठी सोडली होती," ते म्हणाले. मग त्यांनी मला सांगितलं की इंजिन खात्यात एक रीत होती. ज्यानं मशीन उघडलं त्यानं ते जोडायचं, पण शेवटचा नट त्यानं कसायचा नाही. तो दुसऱ्या हातानं कसायचा. "एकाच हातानं उघडलं, एकाच हातानं बंद केलं, तर ते मशीन नीट चालत नाही, असं उस्ताद म्हणायचे. अंधश्रद्धा म्हण. पण कसं आहे, दुसऱ्याची नजर पडते. माझा शेवटचा नट ते मागच्या गल्लीतले कसायचे, आणि त्यांचा मी. ते तर गेले. मग कोणाला सांगू? तुझी आई बोलत नव्हती माझ्याशी. म्हटलं, ठेवू मोकळी. तिला दिसली तर भरेल. नाही भरली, तर नेत नाही बोट."

"आणि भरली तर?"

"भरली ना! वाती भरल्या. देवाच्या!" ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "संध्याकाळी हात फिरवला तर पुटीन ओलं. तेव्हा मला वाटलं, चला, ही आहे आपल्याबरोबर. त्या दिवसापासून मी बरा झालो बघ."

ऐकतेस ना आई? तू ज्या हातानं त्यांचं मरण बुजवलंस असं तुला वाटत होतं, त्या हाताची ते वाट बघत होते. इतकी वर्षं जिन्यात उभं राहायची गरज नव्हती. हे तुला सांगायचं राहून गेलं, म्हणजे मलाच उशिरा कळलं, आणि त्या दिवसापासून मी मनात तुला हे कितीदा सांगितलं असेल. आज कागदावर लिहिलं. पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, घडी करून ठेवून देईन.

एक गोष्ट मात्र मी वर गाळली. मी विचारल्यावर बाबांनी लगेच उत्तर दिलं नव्हतं. हातातली शेंग त्यांनी पूर्ण सोलली, दाणे वाटीत टाकले, दुसरी शेंग घेतली, तीही सोलली, आणि मग बोलले. मी आता भंवरकुआंला राहते. इथं बागेत सकाळी एक म्हातारे गृहस्थ फिरायला येतात, त्याच मिलचे, त्याच इंजिन खात्यातले, डोकं अजून लख्ख. रोज मला थांबवून बाबांची आठवण काढायचे. शेवटच्या नटाची अशी काही रीत तुमच्यात होती का, एवढं त्यांना विचारलं असतं की झालं असतं. मी नाही विचारलं. महिनाभरापासून मी फिरायला दुसऱ्या बागेत जाते.