खांद्यावरचा हात

आमगाव
२ मार्च २०२५

चि. दुर्गेश्वरी,
आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा सकाळी आखडतो, ऊन लागलं की सुटतो. उन्हाळी धानाची रोवणी आटोपली. मंजू माहेरी जाऊन आली. सुनेच्या हातची भाजी तिखट असते असं तुझी आई रोज म्हणते आणि रोज दुसऱ्यांदा वाढून घेते.

मी लिहायला बसलो तर तुझी आई म्हणाली, "काऊन लिहून राहिले जी? फोन लावा ना पोरीले." फोन लावला की ती, कैलाश, मंजू, सगळेच भोवती बसतात. मी 'बरी आहेस ना' म्हणतो आणि फोन पुढे देतो. आजवर तसंच चाललं. म्हणून हे कागदावर लिहितो. फोटो काढून तुला पाठवीन. कैलाशची मदत घेणार नाही.

तिकडच्या व्हिसा कार्यालयाचा प्रश्न तू पाठवलास तो मी पुन्हा पुन्हा वाचला. बँकेचे आणि घरभाड्याचे कागद त्यांना पटले. तुम्ही एका घरात राहता हेही पटलं. पण दोघांची घरं गोंदिया जिल्ह्यातच असताना, मागच्या वर्षी दोघं इकडे येऊन गेलेले असताना, दोन्ही कुटुंबांसोबत तुमचा एकही फोटो का नाही? घरचे लोक तुम्हाला नवरा-बायको मानतात याचा पुरावा काय? त्या अधिकाऱ्यानं आपल्याला कधी पाहिलेलं नाही. तरी नेमकं तेच विचारलं.

मुदत या महिन्याअखेरची आहे. तुझा तिथे राहण्याचा परवाना नाकारला तर ते एकटे तिथे राहतील आणि तुला परत यावं लागेल, हे कैलाशनं मला समजावून सांगितलं. तू मला समजावलं नाहीस. फक्त लिहिलंस, 'बाबा, एखादा फोटो असेल तर पाठवा.' नाही हे तुला माहीत होतं. तरी विचारलंस.

मग मी जे केलं ते तू पाहिलं आहेस. कसं केलं ते सांगतो.

गोंदियाला मुन्नालालच्या स्टुडिओत गेलो. कैलाशच्या लग्नातला मंडपातला फोटो सोबत नेला होता. त्यात मी आणि शालीकराममामा शेजारी उभे आहोत. म्हटलं, मामाच्या जागी यांना बसवता येईल का? मोबाईलमधला त्यांचा कोट घातलेला फोटो दाखवला.

मुन्नालाल म्हणाला, "गुरुजी, टेन्शन मत लो. पिछले हफ्ते एक के स्वर्गवासी पिताजी को मंडप में बिठाया. आशीर्वाद देते हुए."

"हे जिवंत आहेत," मी म्हणालो.

"फिर तो और आसान है. कौन हैं?"

मी सांगितलं. त्या दुकानात, परक्या माणसाला, पहिल्यांदा म्हणालो, "जावई."

"जमाई हैं? तो आपका हाथ कंधे पे रख देता हूँ. नहीं तो लगेगा कॅटरिंगवाला खड़ा है."

मी म्हटलं, ठेव.

फोटो चांगला झाला. कोणालाही खरा वाटला असता. तो मी तुला पाठवला. तू काहीच उत्तर दिलं नाहीस, तेव्हा मला वाटलं की काम झालं. आपल्याकडे फोटोत माणूस बसवणं म्हणजे खोटं बोलणं, असं कोणी समजत नाही. बापाशिवाय लग्नाचा फोटो ओकाबोका दिसतो, म्हणून बाप बसवतात. मीही स्वतःला तेच सांगितलं. पण तो बाप मेलेला असतो. इथे जावई दहा कोसांवर लॉजमध्ये होता आणि त्याला मीच ठेवलं होतं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. हे त्यांनी तुला सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

"सर, बुद्धभूषण बोलतोय."

"बोला."

"फोटो मिळाला. पण तो देता येणार नाही. खोटा आहे हे कळलं तर दुर्गेश्वरीचा सगळा अर्जच जाईल. बाकीचं खरं असून जाईल."

"चूक झाली," मी म्हणालो.

"नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मग म्हणाले, "मी तो गोरेगावला घरी पाठवला नाही, सर. आमच्या आईला खरा वाटला असता."

मी फोन ठेवला. तुझी आई म्हणाली, "कोन होता?" मी म्हटलं, शाळेचं काम. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी शाळेचं काम अजून कामी येतं.

कैलाशच्या लग्नातही मी तेच केलं. तू हळद लावून निघालीस तेव्हा पाहुण्या बायका विचारत होत्या, 'पोरगी कोठी जाऊन राहिली?' मी म्हटलं, कंपनीचं काम निघालं. आपल्या घरात नवरदेवाचं बाशिंग जावयानं बांधायचं असतं. ते शालीकराममामानं बांधलं. कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यालाही माझ्याकडे उत्तर होतं.

चौदा एप्रिलचं शाळेतलं भाषण इतकी वर्षं मीच करत होतो, दुर्गा. मुलं टाळ्या वाजवायची. तूही त्यांच्यात बसलेली असायचीस.

वकिलानं घरच्यांचे लेखी जबाब चालतील म्हटल्याचं तू कळवलंस. मी लिहायला बसलो. पहिला जबाब लिहिला की हे लग्न कुटुंबानं आनंदानं स्वीकारलं. वाचून पाहिला. तो मुन्नालालच्या फोटोसारखाच होता. फाडला.

दुसरा लिहिला तो घेऊन काल चंद्रकुमारकडे गेलो. तो माझा विद्यार्थी, आता नोटरी आहे. शिक्का मारण्याआधी तो जबाब मोठ्यानं वाचतो, सगळ्यांचेच वाचतो. बाकावर आपल्या गल्लीतला केवळराम बसला होता, भावाच्या हिश्श्याचे कागद घेऊन. मी म्हणू शकलो असतो की नंतर वाच. म्हणालो नाही.

तो वाचत गेला ते असं:

"दुर्गेश्वरी आणि बुद्धभूषण हे नवरा-बायको आहेत हे मला माहीत आहे, कारण मी या लग्नाला विरोध केला. ते बौद्ध आहेत, आमची जात वेगळी आहे, एवढंच कारण. माझ्या मुलाच्या लग्नासाठी दोघं भारतात आले तेव्हा मी मुलीला घरी बोलावलं आणि त्यांना गोंदियात लॉजवर राहायला सांगितलं. मुलगी भावाला हळद लावून, न जेवता, लॉजवर गेली. लग्न होईपर्यंत रोज गेली. दोन्ही कुटुंबांचा एकत्र फोटो नाही, कारण मी तो होऊ दिला नाही. हे लग्न दाखवण्यापुरतं असतं तर तिला घरी राहणं सोपं होतं."

चंद्रकुमार जातीच्या ओळीवर थांबला होता. हळूच म्हणाला, "सर, इथं 'घरगुती कारणास्तव' टाकू का? सगळे तसंच लिहितात. तिकडं कोण पाहायला येऊन राहिलं?"

"राहू दे आहे तसं."

केवळराम बाकावरून म्हणाला, "काऊन गुरुजी, दुर्गीचं लगन झालं? आमाले तं लाडूबी नाही भेटला."

"झालं. दोन वर्षं झाली."

"कोनासंग?"

"गोरेगावच्या सेवकरामच्या मुलासंग."

त्यानं सेवकराम कोण ते विचारलं नाही. ते बौद्ध आहेत हे त्यानं आत्ताच तर ऐकलं होतं. हातातली पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. मग म्हणाला, "अन् तुमी जावयाले लॉजवर ठेवलं, हे आपल्याच हातानं लिहून देऊन राहिले?"

"हो."

"मोठे मास्तर तुमी," तो म्हणाला. टोमणा होता की काय, मला कळलं नाही. चंद्रकुमारनं मान खाली घालून शिक्का मारला.

आज सकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं आहे. समोरची सावित्रीबाई तुझ्या आईला म्हणाली, "जावई पाह्यला नाही आमी अजून." तुझी आई आत आली आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली. लग्न झालंय हे तिला माहीत होतं. मी ते असं लिहून दिलं हे नव्हतं. म्हणाली, "हे आदी केलं असतं तं पोरगी उपाशी गेली नसती." एवढंच. मग कोथिंबीर निवडत बसली.

इंग्रजी भाषांतर कैलाशनं केलं. त्याच्या आणि मंजूच्याही जबाबाची पानं माझ्या पानासोबत ठेवली आहेत.

एक गोष्ट जबाबात नाही. वकिलानं दोन्हीकडचे जबाब हवेत म्हटलं होतं, म्हणून मी गुरुवारी गोरेगावला गेलो होतो. सेवकरामांना स्वतः विनंती करावी असं ठरवलं होतं. एसटीतून उतरलो, त्यांच्या घराचा रस्ता विचारला, सांगणाऱ्यानं बोटानं दाखवलाही. मी स्टँडवर चहा घेतला आणि पुढच्या गाडीनं परत आलो. त्यांनी दारात पाणी आणून दिलं असतं आणि मी ते कसं घेतो हे त्यांनी पाहिलं असतं. मलाच खात्री नव्हती. त्यांचा जबाब तुम्ही थेट मागवून घ्या. त्यात त्यांनी माझ्याबद्दल काहीही लिहिलं तरी खोडायला सांगू नका.

आता एक काम तुझ्याकडे आहे. जबाबाच्या वर दोन ओळी भरायच्या असतात. अर्जदाराशी नातं, तिथे मी 'वडील' लिहिलं. अर्जदाराच्या पतीशी नातं, तिथे चंद्रकुमारनं मला विचारलं, "काय लिहू, सर?" मी म्हणालो, 'सासरे' लिही. शाई वाळली आहे, पण पान अजून माझ्याकडेच आहे.

ते मला सर म्हणतात. तोच शब्द त्यांना बरोबर वाटत असेल तर मी पान नव्यानं करून देईन, ती ओळ रिकामी ठेवून. मुदतीत बसेल. बुद्धभूषण यांना विचार आणि मला कळव.

तोवर जबाब पाठवत नाही.

तुझा बाप,
घनश्याम